दहावा चिमटा

४ ऑक्टोबर

प्रिय ठेंगू,

तुझं पत्र मिळालं. पाकिटाला असा खारट वास होता की पोस्टमन म्हणाला, "भावाने मासळी गुंडाळून पाठवलीय का?" बेटावर सगळे धडधाकट आहात, उंदीर हटतायत, पक्ष्यांची अंडी वाचतायत, हे वाचून बरं वाटलं. इथे मात्र उलटा कारभार. तिथे तू उंदरांच्या मागे, इथे ससे माझ्या मागे.

चेष्टा बाजूला ठेवते. खालच्या तुकड्यातली नवी कलमं तू बघितलेली नाहीस. दोन हिवाळे जपून आता कुठे अंगठ्याएवढी झाली होती. परवा सकाळी गेले तर पहिल्या ओळीतल्या बहुतेकांची साल बुडाशी गोल सोललेली. हाडं उघडी पडावीत तशी पांढरी खोडं. वर पानं अजून हिरवीगार होती, त्यांच्यापर्यंत बातमी पोचायची होती. साल अशी गोल गेली की झाड गेलंच, हे तुला काय सांगायचं. बांधाच्या उतारावर बिळंच बिळं झालीयत.

आप्पांनी बघितलं आणि म्हणाले, "माळ्यावरचे चिमटे काढ."

मी नाही म्हटलं. तुला आठवतात ना ते लोखंडी, दातेरी सापळे? आईनेसुद्धा कधी त्यांना हात लावला नाही. आणि आता खुरपणीला बायका येतात, त्या अनवाणी बसतात ओळींमध्ये. गवतात एक जरी राहिला तर त्याला सशाचा पाय काय आणि बाईचा पाय काय! आप्पा म्हणाले, "मी लावलेला चिमटा मला माहीत असतो." मी म्हटलं, "बाईला माहीत नसतो ना." कप आपटून निघून गेले.

तेव्हा तू सांग. तुझं पोट याच कामावर आहे. ससे धरायचेत, हाल न करता, पण खरोखर धरले गेले पाहिजेत. नुसतं मनाचं समाधान नको. कुंपण घालणारच आहे, पण जाळी यायला वेळ लागेल आणि तोवर ओळी जात राहतील.

आप्पा ठीक. चहात दोनदा साखर घालतात आणि मग गोड का केलास म्हणून माझ्यावर ओरडतात. वय, दुसरं काय.

तुझी,
ताई


१३ ऑक्टोबर

प्रिय ताई,

आधी एक तक्रार. पाकिटावर "ठेंगू" लिहू नकोस. होडीवाल्याने धक्क्यावरून सगळ्यांसमोर हाक मारली आणि मी पुढे झालो, तेव्हा माझ्या सहा फुटांकडे बघून आमची प्रमुखबाई इतकी हसली की तिच्या हातातला चहा सांडला.

आता सशांचं. पिंजरे करून घे. लांबी भरपूर हवी. ससा शेपटीसकट आत गेल्यावर दार पडलं पाहिजे, नाहीतर ते त्याच्या पाठीवर पडतं. जाळी बारीक डोळ्यांची, म्हणजे तोंड खुपसून तो दात मोडून घेणार नाही. पिंजरा बिळाच्या तोंडाशी ठेवू नकोस, त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर ठेव. गवत दबलेलं असतं, लेंड्या असतात, कुंपणाखाली जमीन झिजून गुळगुळीत झालेली असते, तीच वाट. पहिले काही दिवस दार बांधून उघडंच ठेव आणि आत खाणं टाक. त्याला नव्या वस्तूचा संशय येतो. फुकट जेवून जायची सवय लागली की मग दार सोड. गाजर नको, ते चित्रातल्या सशांना. तुझ्याच छाटणीच्या कोवळ्या फांद्या दे. पिंजऱ्यावर गोणपाट टाक. अंधार असला की तो दबून बसतो, उजेडात धडका मारून रक्तबंबाळ होतो.

आणि हे नीट ऐक. सापळा लावणं हे अर्धंच काम. बघायला जाणं हे उरलेलं. उजाडताच एकदा आणि दिवस मावळायच्या आत एकदा, न चुकता. ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी दार बांधून टाक. इथे आम्ही उंदरांसाठी लाकडी बोगद्यांत झटक्याने मारणारे सापळे ठेवतो, पक्ष्यांचे पाय अडकू नयेत म्हणून बोगदे. वादळातसुद्धा दोघं दोघं जाऊन ते बघून येतो. न बघितलेला सापळा म्हणजे नुसता छळ.

धरल्यावर पुढे काय, हे तू विचारलंच नाहीस. मुद्दाम, मला माहीत आहे. लांब नेऊन सोडणं मनाला बरं वाटतं, पण अनोळखी जागी बिळावाचून तो बहुधा मरतोच, नाहीतर दुसऱ्याची कलमं खातो. वनखात्यात आधी जाऊन ये, परवानगी काय लागते ते विचार. मारायचाच असला तर गुरांच्या डॉक्टरांकडून शीक. एका क्षणात झालं पाहिजे. आपला हात कचरला तर भोगावं त्याला लागतं. आणि पिलांचे दिवस असतील तर थांब, नाहीतर आई पिंजऱ्यात आणि पिलं बिळात उपाशी.

एक सुचवू? हे काम आप्पांच्या हातात दे. त्यांच्याएवढी सशाची वाट ओळखणारा माणूस मी अजून बघितलेला नाही. काम मिळालं की कप आपटणं आपोआप थांबेल.

आमचं इथलं काम शेवटाला आलंय. उरलेत ते सगळ्यात हुशार उंदीर. एक जोडी जरी राहिली तरी सगळी मेहनत पाण्यात, म्हणून कुणालाच सुट्टी नाही.

तुझा,
(उंच) भाऊ


२८ ऑक्टोबर

प्रिय ठेंगू,

तू म्हणालास तसं केलं. सगळं केलं. आणि तरीही हे पत्र लिहावं लागतंय.

क्रमाने सांगते. नाक्यावरच्या वेल्डरकडून पिंजरे करून घेतले. आप्पा बघून म्हणाले, "हे काय, सशांची खानावळ काढलीस?" पण दुसऱ्या दिवशी स्वतःच उठून बांधाकडे गेले, वाकून वाकून वाटा बघितल्या, मी ठेवलेले पिंजरे उचलून दोन हात पलीकडे सरकवले. दार सोडलं त्याच सकाळी दोन ससे. आप्पांनी गोणपाट असं अलगद टाकलं की जणू झोपलेल्या पोराला पांघरूण घालतायत. वनखात्याची परवानगी होतीच, डॉक्टर येऊन गेले, मला दाखवलं, मी शिकले. आप्पा त्या दिवशी शीळ घालत होते. किती महिन्यांनी ऐकली असेल! मनात म्हटलं, ठेंगूने बरोबर ओळखलं.

आणि काल दुपारी मी रोपांच्या पिशव्या भरत होते, तर फरशीवरून कुणीतरी बादली फरफटत आणल्यासारखा आवाज आला. वळून बघते तर शेजारच्या शिक्षिकाबाईंचं मांजर. पुढचा पाय चिमट्यात, मागे साखळी, साखळीला उपटून आलेली खुंटी. ओरडतसुद्धा नव्हतं. माझ्याकडे बघत नुसतं चालत होतं.

पान्याने दाते उघडले. पाय गेला. मांजर जगेल, असं डॉक्टर म्हणतात. शिक्षिकाबाई माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

माळ्यावर चढले. खोकं रिकामं.

आप्पांना विचारलं, चिमटे कुठे लावलेत? ते म्हणाले, "कसले चिमटे?" मी मांजराच्या पायातला त्यांच्यापुढे धरला. म्हणाले, "मी नाही लावला. तुझ्या आईची शपथ." ठेंगू, माझ्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाले. मी इतकी ओरडले की माझंच मला ऐकवेना. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून बसलेत, जेवले नाहीत.

बायकांना येऊ नका म्हणून सांगितलंय. त्यांची म्होरकी म्हणाली, "आमचे पाय वाचवलेत, पण हातांचं काय? काम कधी?" मी स्वतः घरापासून नळापर्यंत जाताना पुढे काठी आपटत जाते.

खोक्यात किती होते? तुला आठवत असेल तर ताबडतोब कळव.

ताई


४ नोव्हेंबर

ताई,

दहा. नक्की दहा. त्यांना तेल लावायचं काम माझ्याकडे असायचं, माझी बोटं ते विसरणार नाहीत. म्हणजे मांजराचा सोडून नऊ अजून बाहेर आहेत.

शोधताना हात कुठेही घालायचा नाही. जाड तळाचे बूट, लांब दांड्याचं दाताळं. आधी दाताळ्याने पुढची जमीन ओढायची, मग तिथे पाऊल टाकायचं. एका वेळी एकच पट्टा, शोधून झाला की दोरी बांध. आप्पा चिमट्यावर नेहमी चाळलेली माती आणि वाळका पाला पसरतात, त्यामुळे डोळ्यांना दिसणार नाही. कुंपणातल्या फटी, बिळांची तोंडं, पाण्याच्या चारीवर जिथे ससा उडी मारतो ती जागा, इथून सुरुवात कर.

आणि आप्पांबद्दल माझी समजूत घालू नकोस. ते खोटं बोलतायत. माणसांची नावं विसरतील, औषधं विसरतील, पण लावलेला सापळा? शक्यच नाही. पिंजऱ्यांची खानावळ त्यांना पटली नाही आणि आपलंच खरं करून दाखवायचं होतं. आता मांजर अडकलं म्हणून हात वर केलेत. आईची शपथ घेतली याचा मला जास्त राग आलाय. सोबत त्यांच्या नावाने चिठ्ठी ठेवलीय. वाचून दाखव. गोड नाहीये.

पुढच्या होडीचा भरवसा नाही. वारा फिरलाय.

तुझा भाऊ


५ नोव्हेंबर

प्रिय ठेंगू,

तुझं उत्तर अजून आलेलं नाही, पण थांबवत नाही म्हणून लिहितेय.

आप्पा खोटं बोलत नाहीयेत.

आज सकाळी उठले तर दार उघडं. आप्पा अंगणात, पायात काही नाही, कलमांच्या तुकड्याकडे निघालेले. मी मागून हाक मारली तर वळले आणि म्हणाले, "तुझी आई पुढे गेली का गं? मला न सांगता कशी गेली?" मी जागच्या जागी उभी राहिले. पळत जाऊन धरावं तर मधल्या गवतात काय आहे ते माहीत नाही, आणि धरू नये तर ते पुढे चाललेत. शेवटी म्हटलं, "आई घरात आहे, चहा टाकलाय, या." लगेच फिरले. आल्या पावली परत आले, आणि तेवढ्या वेळात माझा जीव तळव्यांतून गेला.

हे नवं नाही. उन्हाळ्यातच डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. विसरणं वाढत जाणार, मधूनच लख्ख असतील, मधूनच नसतील. तुला कळवलं नाही. कळवलं असतं तर तू सगळं टाकून आला असतास, आणि त्या बेटासाठी तू किती वर्षं धडपडलास ते मला माहीत आहे. वाटलं, साखरेच्या गोष्टी सांगून वेळ काढू. तू म्हणालास काम त्यांच्या हातात दे, तेव्हाच मी खरं सांगायला हवं होतं. पण शीळ ऐकली आणि मलाही खोटंच हवंसं वाटलं.

म्हणजे झालं असं असणार की पिंजरे बघता बघता त्यांचे हात जुन्या कामाला लागले. चिमटे काढले, लावले, आणि घरी येईपर्यंत ते सगळं पुसलं गेलं. शपथ खरी होती.

दाताळं घेऊन मी कुंपणाच्या कडेने गेले. दोन सापडले. एक रिकामा. दुसऱ्यात ससा होता, जिवंत, कधीपासून कुणास ठाऊक. पायाचं काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी दाखवलं होतं तसं केलं. मी डोळे मिटले नाहीत. हात कचरला तर भोगावं त्याला लागतं, तुझंच वाक्य. मग कुंपणाला टेकून बसले आणि खूप रडले. सशासाठी की कशासाठी ते विचारू नकोस.

ये असं मी म्हणत नाही. पण आता सगळं तुला माहीत आहे.

ताई


११ नोव्हेंबर

प्रिय ताई,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना चुकवून गेली. माझी ती चिठ्ठी. तू ती वाचून दाखवली असशील तर काय, या विचाराने जेवण जात नाही. नसशील तर जाळून टाक.

तुझ्यावर रागवायला बसलो होतो, जमलं नाही. तू लपवलंस, पण डोळे होते ना मला? साखर वाचली आणि हसलो.

समुद्र खवळलाय, आमची होडी येत नाही. एक मासेमारी नाव आडोशाला थांबलीय, तिच्याकडे हे देतोय. मलाही घेऊन चला म्हटलं, तर नावाडी म्हणाला, "कागद बुडाला तर पुन्हा लिहाल. तुम्ही बुडालात तर?" प्रमुखबाईला सगळं सांगितलंय. ती म्हणाली, पहिली होडी तुझी.

तोवर एक उपाय सुचतोय, पण धोक्याचा आहे, तेव्हा पूर्ण वाच. आप्पांना "कुठे लावले" असं विचारू नकोस. त्या प्रश्नाने ते घाबरत असणार, कारण उत्तर शोधायला जातात आणि तिथे काहीच नसतं. त्याऐवजी सकाळी, ते ताजे असताना, हातात काठी दे आणि म्हण, "सापळे बघायची वेळ झाली." आयुष्यभर ते रोज सकाळी एक फेरी मारायचे. लावणं लक्षात नसेल, पण फेरी कदाचित पायांत असेल. मी हे छातीठोकपणे सांगत नाही. मागच्या वेळी छातीठोकपणे सांगितलं आणि काय झालं ते बघतोय आपण दोघं.

त्यांना माझे पोलादी टोकाचे बूट घाल, कोठीत आहेत, दोन मोजे चढवले की बसतील. तुलाही जाड बूट. त्यांच्या पुढे जायचं नाही, शेजारी जायचं नाही. त्यांचं पाऊल उठेल तिथेच तुझं पाऊल. मध्येच भांबावले तर तिथेच थांबायचं, आल्या वाटेने परत. कुणालातरी कुंपणाबाहेर उभं कर. मनाला पटत नसेल तर करू नकोस, माझी वाट बघ.

तुझा भाऊ


१७ नोव्हेंबर

प्रिय ठेंगू,

तुझी वाट बघितली नाही. आज सकाळी केलं.

चिठ्ठीचं आधी. मी ती एकटीने वाचली आणि चुलीत घातली. आप्पांपर्यंत एक अक्षर गेलेलं नाही. तू विसर, मीही विसरते.

काल दिवसभर ठरत नव्हतं. मग संध्याकाळी खुरपणीवाल्यांची म्होरकी येऊन गेली, दुसरीकडे काम मिळालं नाही म्हणाली, आणि वर म्हणाली, "आम्ही बूट घालून येतो ना, काय व्हायचं ते होईल." तेव्हा ठरलं. तिलाच सकाळी कुंपणाबाहेर उभं केलं. शिक्षिकाबाईही आल्या, मांजराला काखेत घेऊन. बोलल्या नाहीत, पण आल्या.

आप्पांचा चहा झाला. मी काठी पुढे केली आणि म्हटलं, "आप्पा, सापळे बघायची वेळ झाली."

घड्याळाकडे बघून म्हणाले, "उशीर केलास." तुझे बूट मुकाट्याने घालून घेतले. आणि निघाले, ठेंगू, असे निघाले की मला मागून पळावं लागलं. खांदे सरळ, मान पुढे. दारातून उतरताना मागे न बघता म्हणाले, "ठेंगू, माझ्या पावलावर पाऊल." मी म्हटलं, "हो आप्पा." आवाज जाड काढायचा प्रयत्नसुद्धा केला नाही, त्यांना गरज नव्हती.

धुकं होतं. चारीपाशी थांबले. काठीच्या टोकाने पाला बाजूला केला, हलकेच दाबलं. फाट! काठीचं टोक तुटून उडालं. कुंपणाबाहेरून म्होरकी ओरडली. आप्पा शांत. साखळी उपसली, खुंटी काढली, चिमटा माझ्या हातात दिला. "रिकामा," म्हणाले आणि पुढे. दुसरा उतारावर, बिळाशी. तिसरा तिथून थोडाच पुढे. मी पोत्यात टाकत होते आणि मनात मोजत होते. पाऊल त्यांच्या पावलात, नजर त्यांच्या टाचेवर.

तिसऱ्यानंतर मला जरा धीर आला. तिथेच चुकले. एक फांदी तोंडावर आली म्हणून डावीकडे सरकले, अर्धं पाऊल. आप्पांनी मागे बघितलंही नव्हतं, पण एकदम वळले आणि माझी मानगूट धरून मला मागे खेचलं. हाताला तीच जुनी ताकद. मी चिखलात बसले. त्यांनी काठी मी पाय टाकणार होते तिथे खुपसली. फाट!

"सांगितलं होतं ना?" म्हणाले. मग वाकून माझे केस नीट केले. म्हणाले, "आणि ताईला यातलं बोलू नकोस. ती घाबरते. तिच्या वाटेवर मी एकही लावलेला नाही, सांग तिला." मला सांगू नकोस, असं मला सांगितलं. मी चिखलात बसून मान हलवली.

आणखी दोन निघाले. म्हणजे सहा, आधीचे तीन, नऊ झाले. आता एकच राहिला होता. पाण्याच्या टाकीच्या अलीकडे आप्पा चालता चालता थांबले. हातातल्या अर्ध्या काठीकडे बघितलं, पायांतल्या बुटांकडे बघितलं. मग मला म्हणाले, "हे बूट कुणाचे गं? आपण कुठे चाललोय?"

मी म्हटलं, "घरी." आल्या वाटेने परत आणलं. दारात शिक्षिकाबाईंनी त्यांना हात दिला. आप्पा मांजराला बघून म्हणाले, "अरेरे, बिचाऱ्याच्या पायाला काय झालं?" बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना म्हणाल्या, "अपघात झाला, आप्पा. आता बरं आहे."

दहावा राहिलाय. तो कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही, लावणाऱ्यालासुद्धा.

ताई


१९ नोव्हेंबर

ताई,

होडी दिसतेय. हे पत्र आणि मी एकाच होडीत निघतोय, बहुतेक मीच आधी पोचेन. तरी लिहितोय, कारण हात रिकामे ठेवले तर पोहत सुटेन.

टाकीकडे कुणीही जायचं नाही. तूसुद्धा नाही. आप्पांना एकट्याने बाहेर सोडू नकोस. दाराला वरची कडी लाव.

येतोय.


१२ जानेवारी

प्रिय ठेंगू,

तू गेल्यापासून घर जरा बुटकं वाटतंय.

आपण पुरलेलं कुंपण पक्कं बसलंय. जाळीचा खालचा भाग बाहेरच्या बाजूला वाकवून मातीत घालायला तू लावलास तेव्हा मी कुरकुर केली होती, पण ससे येतात, जाळीशी उकरतात, पायाखाली पुन्हा जाळीच लागते आणि कंटाळून जातात. पिंजरे दोनच मांडते, आतल्या भागात राहून गेलेल्यांसाठी. गेल्या आठवड्यात काहीच नाही. खुरपणीच्या बायका आल्यात, सगळ्या गुडघ्यापर्यंतच्या रबरी बुटांत. चालताना इतका फटक फटक आवाज होतो की म्होरकी म्हणते, ससे नुसत्या या आवाजाने पळतील.

पण दहावा मनातून जात नव्हता. तू असताना पाण्याच्या पाइपवाला त्याचं धातू शोधायचं यंत्र घेऊन आला होता, सगळा तुकडा पालथा घातला, खिळे निघाले, नाल निघाली, चमचा निघाला, तो निघाला नाही. शेडच्या मागे तर भंगारामुळे यंत्र सारखंच कोकलत होतं. तू गेलास आणि मी रोज एक पट्टा दाताळ्याने ओढायला लागले. बायकांना त्या बाजूला पाठवलं नाही. बूट आहेत म्हटलं तरी दाते ते दातेच.

आप्पांचं म्हणशील तर तू आला होतास हे त्यांना आठवत नाही, पण तुझ्या खुर्चीवर कुणी बसलं की उठवतात. सकाळी मी आणि ते मिळून पिंजरे बघायला जातो. पिंजरा रिकामा असला की म्हणतात, "आज गिऱ्हाईक नाही." एकटं सोडत नाही. वरची कडी लावते.

परवा कडी लावायची राहिली. का राहिली ते विचारू नकोस, दुधाचं भांडं उतू जात होतं एवढंच आठवतंय. ओटा पुसला आणि वळले तर आप्पांची खुर्ची रिकामी. बूट दारातच होते. हाक मारली, उत्तर नाही. मी दाताळं उचललं, तेही कुठल्या दिशेने न्यायचं कळेना. पाय पुढे टाकवेना आणि उभंही राहवेना. कानात फक्त ती फाट ऐकू येत होती, न झालेली.

तेवढ्यात मागच्या दाराने आप्पा आत आले. अनवाणी, घोट्यापर्यंत माती. हातात दहावा. दाते मिटलेले, साखळी मनगटाला नीट गुंडाळलेली, खुंटीसकट. तो त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. आणि माझ्यावरच डोळे वटारले.

"हा कुणी लावला?" म्हणाले.

मी आधी त्यांचे पाय बघितले, दोन्ही. मग म्हटलं, "कुठे होता, आप्पा?"

"काय कुठे होतं?" म्हणाले. आणि पुन्हा चिमट्याकडे बघून भडकले. "माणसांच्या वाटेवर लावलाय! बायका काम करतात इथे, अनवाणी फिरतात. एखादीचा पाय गेला असता म्हणजे? कोण आहे हा मूर्ख? त्याला पुन्हा या बागेत पाऊल टाकू देऊ नकोस. ऐकतेस ना?"

"नाही टाकू देणार, आप्पा," मी म्हटलं.

मग त्यांना खुर्चीत बसवलं आणि कोमट पाणी आणून त्यांचे पाय धुतले.

तुझी,
ताई